न पिकविलेल्या पिकाचा मोबदला : दोन अमेरिकन कादंबऱ्या

जोसेफ हेलर यांच्या ‘कॅच-२२’ (१९६१) या कादंबरीत मेजर मेजर या पात्राच्या पित्याचे व्यक्तिचित्र अल्पावकाशात रेखाटलेले आहे. हा पापभीरू शेतकरी लसूणघास न पिकविण्यात निष्णात आहे. न पिकविलेल्या प्रत्येक बुशेलमागे सरकार त्यास पैसे देते. त्या पैशांतून तो नवी जमीन घेतो व न पिकणाऱ्या घासाचे प्रमाण वाढवितो. शेतकऱ्यांखेरीज अन्य कोणास सरकारी साहाय्य मिळाले, तर मात्र त्यास त्यात समाजवादाची चाहूल लागते. या उपहासाचा वास्तवाशी संबंध कितपत आहे, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

अमेरिकेच्या १९३३ च्या कृषि-समायोजन कायद्याने कापूस, गहू, मका, डुकरे आदी ठराविक उत्पादने घटविण्यासाठी मोबदला देऊ केला. त्या वर्षी सुमारे १ कोटी एकरांवरील उभा कापूस नांगरला गेला. लसूणघासाचा त्या यादीत समावेश नव्हता. किंबहुना, सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा १९३६ मध्ये अवैध ठरविल्यावर आलेल्या मृद्संधारणाच्या कायद्याने अशा द्विदल पिकांच्या लागवडीस उत्तेजनच दिले. शिवाय मोबदला पूर्वीच्या लागवडीवरून ठरत असे. जे कधी पेरलेच नाही, त्याबद्दल तो मिळत नसे. तपशिलाच्या दृष्टीने हेलर यांचे चित्र सदोष ठरते. तथापि त्यामुळे उपहासाचे मर्म ढळत नाही. मोबदला श्रमास नसून जमिनीस होता आणि ज्याची जमीन अधिक त्याचा लाभ अधिक, हे सूत्र त्यांनी अचूक पकडले आहे.

उणीव आहे ती अन्यत्र. आर्कान्सा राज्यातील पॉइन्सेट काउंटीत कापसाचे क्षेत्र घटताच वाटेकऱ्यांची गरजही घटली. शक्यतोवर कुळे कायम ठेवावीत असे करारात नमूद होते. परंतु स्थानिक अंमलबजावणी ज्या समित्यांकडे होती त्यांवर जमीनदारांचेच वर्चस्व असल्याने त्या कलमास फारसा अर्थ उरला नाही. कुळे निघाली, १९३४ मध्ये टायरॉन्झा येथे गोऱ्या व कृष्णवर्णीय वाटेकऱ्यांनी एकत्र संघटना स्थापिली. हेलर यांच्या शेतावर असा वाटेकरी नाही. म्हणूनच तेथील हसू इतके निर्वेध आहे.

जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ (१९३९) मध्ये याच्या उलट स्थिती आढळते. ओक्लाहोमातील जोड कुटुंब देशोधडीस लागते. पण त्यास हुसकावणारी शक्ती म्हणजे बँक आणि ट्रॅक्टर. संत्र्यांवर रॉकेल ओतले जाते, ते बाजारभावासाठी. सरकार ठळकपणे भेटते ते निर्वासितांच्या नीटनेटक्या छावणीच्या रूपाने. जमीनमालकाच्या हाती पडणाऱ्या सरकारी धनादेशास कथानकात स्थान नाही. सरकारवरील विश्वास ढळू न देण्याची ही किंमत होय.

एका कादंबरीत धनादेश आहे, विस्थापित नाही. दुसरीत विस्थापित आहे, धनादेश नाही. उपहासास हास्यास्पद माणूस हवा असतो, करुणेस निर्दय शत्रू. सद्हेतूने केलेला कायदा दुर्बळास बेघर करतो, ही घटना या दोहोंच्या चौकटीत सहजी बसत नाही. या कादंबऱ्यांकडे सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहणाऱ्या अभ्यासकाने त्या एकमेकींशेजारी ठेवूनच वाचणे इष्ट ठरेल.