‘उत्तर रामायण’: शेवटाचा एक भाग

रामानंद सागर यांचं ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ला सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ला संपलं. लोकांना ते संपलेलं नको होतं. पंजाबात तर पुढची कथा दाखवा म्हणून सफाई कामगारांनी संप केला. मग ‘लव कुश’ आलं, ज्याला आपण ‘उत्तर रामायण’ म्हणतो. आपला स्वप्नील जोशी त्यात कुश होता.

आता स्पष्ट बोलायचं तर हे शेवटचं पर्व पहिल्याच्या तोडीचं नाही. कथा थोडी, भाग जास्त. तीच उपदेशाची भाषणं, तेच संथ निरोप. पण माझी मुख्य तक्रार लांबीबद्दल नाही. सीतात्यागाचा प्रसंग आला तेव्हा मालिकेनं सीतेलाच पुढे केलं. राजधर्मासाठी मला जाऊ द्या, असं तीच रामाला पटवते. म्हणजे दोष कुणाचाच नाही! प्रेक्षकाला बरं वाटतं, पण प्रश्नच नाहीसा होतो. जिथे अन्यायच उरला नाही तिथे करुण रस कुठून येणार?

आणि तरीही सीतेच्या भूमिप्रवेशाचा भाग उभा राहतो. का, ते पाहू.

वाल्मीकींच्या उत्तरकांडात सीतेची शपथ जर-तरच्या रूपात आहे. मी रामाशिवाय दुसऱ्या कुणाचं चिंतन केलं नसेल, तर धरणीनं मला जागा द्यावी. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य नीट पाहावं. ‘जर’ खरं ठरतं त्याच क्षणी ‘तर’ घडतं. पुरावा मिळतो, पण पुरावा मागणाऱ्यांच्या हाती काहीच उरत नाही. अग्निपरीक्षेनंतर ती परत आली होती. इथे येत नाही. सिद्धता आणि नकार एकाच वाक्यात!

हा गाभा मालिकेला पातळ करता आलेला नाही. दुभंगणाऱ्या जमिनीची करामत आज साधी वाटते, संगीत जरा जास्तच रडतं. पण दीपिका चिखलिया इथे विनवणी करणारी सीता राहत नाही. आधीच्या अनेक भागांत सगळे सगळ्यांची समजूत घालतात. इथे समजूत चालत नाही. अरुण गोविलांच्या रामापाशी शोकाशिवाय काही उरत नाही. निर्दोष ठरवलेल्या रामाला शेवटी किंमत मोजावी लागते.

कुणी म्हणेल, गोड शेवट का नको? आपल्या विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीनं तो केलाच होता. ‘उत्तररामचरित’च्या सातव्या अंकात राम-सीता पुन्हा भेटतात. पण भवभूतीनं त्याआधी रामाला अंकामागून अंक पश्चात्तापात जाळलं आहे. तिथलं मीलन फुकटचं नाही. मालिकेनं मध्येच दोष पुसून टाकला, म्हणून तिला असा शेवट परवडलाच नसता.

आपल्या बायकांनी हा दोष कधी पुसला नाही. जात्यावरच्या ओव्यांत सीतेचा वनवास पुन्हापुन्हा येतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या रावेरीला सीतेचं मंदिर आहे. बाळंतीण सीतेनं गव्हासाठी पदर पसरला, गावानं नाही म्हटलं, म्हणून तिथे गहू पिकेना, अशी कथा सांगतात. त्या मंदिराच्या जीर्णोद्धारात शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुढाकार घेतला. बायकोच्या नावावर जमीन करा, ही त्यांची ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीमही याच विचारातली. टाकलेल्या बाईला हक्काची जमीन नसते, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

आपल्या मराठवाड्यातही ‘परित्यक्ता’ हा शब्द पुस्तकातला नाही. घराघरांतला आहे. तिला अजूनही विचारतात, तुझं काय चुकलं? हा भाग म्हणतो, आधी विचारणाऱ्यांनी आपला अधिकार सांगावा. बाकीचं पर्व विसरलात तरी चालेल, हा भाग मात्र घरातल्या सगळ्यांना बरोबर बसवून पाहा. मग चर्चा करा. आता तुमचे प्रश्न घेऊ.