बॅटरी मोजली, किलोमीटर मोजले. प्रवासी मोजायचा राहिला

तुमच्या शहरात नवी इलेक्ट्रिक बस आली की बातमीत काय काय असतं, आठवून बघा. एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते, चार्ज व्हायला किती वेळ लागतो, एसी, सीसीटीव्ही, पॅनिक बटण, मोबाइल चार्जिंगची सोय. आता दुसरी यादी करा. पहिली पायरी जमिनीपासून किती उंच आहे? दारं किती, आणि किती रुंद? थांब्यावर माणसं चढायला-उतरायला किती वेळ लागतो? ही दुसरी यादी बातमीत तर नसतेच, पण सरकारी योजनेतही फारशी सापडत नाही. असं का होतं, याबद्दल आजची पोस्ट आहे.

अधिकाऱ्यांना कळत नाही, हे उत्तर सोपं आहे पण चुकीचं आहे. केंद्र सरकारच्या शहरी बसच्या मानकांमध्ये तळाची उंची ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर अशी वर्गवारी कधीचीच आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. सार्वजनिक पैसा ज्या एककात मोजून दिला जातो, त्या एककाला शोभेल असंच तंत्रज्ञान रस्त्यावर येतं.

पहिलं एकक: किलोवॅट-तास

एप्रिल २०१९मध्ये सुरू झालेली फेम-२ योजना घ्या. एकूण तरतूद १०,००० कोटी रुपये, बसचं उद्दिष्ट ७,०९०. बसला अनुदान मिळायचं ते बॅटरीच्या क्षमतेवर: दर किलोवॅट-तासाला २०,००० रुपये, आणि त्यावर कमाल मर्यादा. म्हणजे २०० किलोवॅट-तासांची बॅटरी असेल तर सूत्रानुसार ४० लाख. बॅटरी हा बसचा सगळ्यात महाग भाग, त्यामुळे हे सूत्र वेडगळ अजिबात नव्हतं. डिझेल आणि विजेच्या बसच्या किमतीतली दरी बुजवायची होती, ती त्याने बऱ्यापैकी बुजवली.

पण सूत्रात काय नाही तेही बघा. बसचा तळ ४०० मिलिमीटरवर असो की ९००वर, दर तोच. व्हीलचेअरसाठी रॅम्प दिला म्हणून वेगळे पैसे नाहीत. शहराने टेंडरमध्ये अट घालावी, कोण अडवतंय, असं म्हणता येतं. खरं आहे. पण त्या अटीचा भार शहराने उचलायचा आणि बॅटरीचा केंद्राने, अशी वाटणी झाली की तिजोरी रिकामी असलेलं शहर कुठे हात आखडतं घेईल, हे सांगायला संशोधक लागत नाही.

दुसरं एकक: किलोमीटर

बहुतेक इलेक्ट्रिक बस आता शहराच्या मालकीच्या नसतात. बस कंत्राटदाराची, चालक त्याचा, देखभाल त्याची; शहर त्याला धावलेल्या किलोमीटरमागे पैसे देतं आणि तिकिटाचं उत्पन्न स्वतःकडे ठेवतं. मुंबईत याला ‘वेट लीज’ म्हणतात. ऑगस्ट २०२३मध्ये मंजूर झालेली पीएम ई-बस सेवा योजनाही किलोमीटरमागेच मदत देते.

या पद्धतीचा मोठा गुण मान्य करायला हवा. कंत्राटदाराला गर्दीशी देणंघेणं नसतं, त्यामुळे प्रवासी पळवण्यासाठी बसची शर्यत लागत नाही. तोट्याच्या मार्गावरही बस धावू शकते. गोची अशी की हाच गुण उलटा फिरतो. गर्दीशी देणंघेणं नाही म्हणजे प्रवासी नीट चढला की नाही याच्याशीही नाही. बस फुटपाथला लागून उभी राहिली काय आणि रस्त्याच्या मधोमध काय, किलोमीटर तेवढेच भरतात. कंत्राटात दंडाची कलमं असतात, पण ती बहुतांशी फेरी चुकली का, बस बंद पडली का, थांबा टाळला का, एवढ्यापुरती.

चालकाचंही तेच. ऑगस्ट २०२३च्या सुरुवातीला मुंबईतले कंत्राटी बसचालक आठवडाभर संपावर होते. मुख्य प्रश्न पगाराचा होता. किलोमीटरचा दर कमीत कमी लावून कंत्राट मिळवायचं, तर कात्री कुठे लागणार? बॅटरीच्या किमतीला लावता येत नाही.

जे एकक कुठेच नाही: थांब्यावरचा सेकंद

बस थांब्यावर किती वेळ उभी राहते, याचं ढोबळ गणित सोपं आहे: दार उघडण्या-मिटण्याचा ठरावीक वेळ, अधिक सगळ्यात गर्दीच्या दाराचे प्रवासी गुणिले प्रत्येकाला लागणारे सेकंद. उंच पायऱ्या, अरुंद दार, दारातच उभी गर्दी, सगळं त्या शेवटच्या आकड्यात जमा होतं.

एक काल्पनिक उदाहरण करू. एका मार्गावर जाताना २५ थांबे, दर थांब्यावर त्या दारातून सरासरी ८ जण. चढणं सोपं झाल्याने माणशी एकच सेकंद वाचला. २५ गुणिले ८ म्हणजे २०० सेकंद. परतीचेही तेवढेच धरा. जाऊन-येऊन ६ मिनिटं ४० सेकंद. पूर्ण फेरी १०० मिनिटांची असेल आणि मार्गावर १५ बस असतील, तर दर ६ मिनिटं ४० सेकंदांनी एक बस येते. आता वाचलेला वेळ वजा करा. तेवढ्याच अंतराने बस सोडायला १४ बस पुरतात. एक अख्खी बस सुटी झाली, आणि ती पायरीतून आली! एवढा नीटनेटका फायदा प्रत्यक्षात क्वचित मिळेल, सिग्नल आणि कोंडी आहेतच. पण हा हिशोब कुठल्याच अनुदानाच्या सूत्रात मांडलेला नाही, हा मुद्दा उरतोच.

पुण्याचं उदाहरण इथे शिकण्यासारखं आहे. २०१५मध्ये सुरू झालेल्या ‘रेनबो’ बीआरटीत स्थानकाचा फलाट आणि बसचा तळ दोन्ही ९०० मिलिमीटरच्या पातळीला आणले, बसला उजवीकडे दारं दिली. पायरीच नाही! पण तीच बस मार्गिकेतून बाहेर पडली की डाव्या दाराशी तोच ९०० मिलिमीटरचा चढ. बस आणि थांबा मिळून एक यंत्र असतं. अर्धं यंत्र विकत घेऊन चालत नाही.

‘आपल्या रस्त्यांवर लो-फ्लोअर चालणार नाही’

हा आक्षेप तुमच्याही मनात आला असेल. खड्डे, भलत्या उंचीचे गतिरोधक, पावसात तुंबणारं पाणी. आक्षेप पोकळ नाही. पण हाच वाद चेन्नईच्या बसवरून मद्रास उच्च न्यायालयात गेला होता, आणि २०२४पासून तिथे लो-फ्लोअर बस धावू लागल्या. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे. सुगम वाहतूक ही त्यानुसार सरकारची जबाबदारी आहे, आणि त्या कायद्यात गतिरोधकांची सबब नाही. गतिरोधक दुरुस्त करणं हे बस उंच करण्यापेक्षा स्वस्तही पडेल.

मग प्रवाशामागे पैसे द्यायचे का? माझ्या मते नाही. तसं केलं तर पुन्हा शर्यत आणि कोंबाकोंबी. किलोमीटरचा दर राहू द्या. त्यात दोन गोष्टी घाला: सुगम तळ आणि रॅम्प ही अनुदानाची पूर्वअट, आणि थांब्यावरचा वेळ व फुटपाथपासूनचं अंतर हे कंत्राटात मोजायचे निकष. वेळ मोजायला नवं यंत्रही फारसं लागत नाही. १ जानेवारी २०१९पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना जीपीएस ट्रॅकर सक्तीचा झाला. त्यातला डेटा आज मुख्यतः ‘बस कुठे आहे’ हे दाखवायला वापरला जातो. ती किती वेळ उभी होती, हेही त्यातून काढता येतं.

पुढच्या वेळी थांब्यावर उभे असाल तेव्हा घड्याळ बघा. दार उघडल्यापासून मिटेपर्यंत किती सेकंद, आणि तेवढ्यात किती माणसं चढली. आठ-दहा बसची नोंद केलीत तरी पुरे. नव्या बसची पुढची बातमी वाचताना हे आकडे शेजारी ठेवा.