‘नाचुया कुंपासार’ : जुन्या सुरांचे मोल

गतकाळाची ओढ हा आता चांगला चालणारा व्यवसाय झाला आहे. इंग्लंडमध्ये 1951 च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’च्या धर्तीची खुर्ची-मेजे, ईलिंग स्टुडिओचे विनोदपट आणि क्लिफ रिचर्डच्या तबकड्या जिवापाड जपणारे रसिक आहेत. (हा क्लिफ रिचर्ड आपल्या लखनौचा जन्मलेला, हे त्यांतील कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे!) आपल्याकडे हीच ओढ त्याच दशकांतील मुंबईकडे, चर्चगेट परिसरातील ‘गेलॉर्ड’, ‘अ‍ॅम्बॅसडर’सारख्या उपाहारगृहांतील वाद्यवृंदांकडे वळते. त्या वाद्यवृंदांत गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचा भरणा होता. म्हणून हा विषय आम्हांला घरचा वाटतो, आणि म्हणूनच त्याविषयी थोडे परखडपणे लिहावेसे वाटते.

त्या काळावर एकाच सुमारास दोन चित्रपट निघाले. अनुराग कश्यप यांचा ‘बॉम्बे व्हेल्वेट’ 2015 मध्ये आला. जुनी मुंबई त्यांनी श्रीलंकेत उभी केली, अफाट पैसा ओतला, चित्रपट पडला. त्यातील गोमंतकीय गायिका रोझी नरोना पाहताना आम्हांला हिंदी पडद्यावरची तीच जुनी ‘रोझी’ आठवली. झगा, झगमगाट आणि गाणे एवढ्यावर तिचे ख्रिस्तीपण संपते. दुसरा चित्रपट बार्ड्रॉय बॅरेटो यांचा कोंकणी ‘नाचुया कुंपासार’ (2014). कुंपास म्हणजे ताल. तालावर नाचू या, असा नावाचा अर्थ. ख्रिस पेरी यांनी रचलेली आणि लॉर्ना यांनी गायिलेली सुमारे वीस गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करून त्यांच्या धाग्यात कथा ओवली आहे. 62 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा मान मिळाला, अपर्णा रैना यांना नेपथ्यरचनेसाठी पारितोषिक मिळाले आणि नायिका पालोमी घोष यांचा विशेष उल्लेख झाला. ही नायिका मुळात बंगाली. कोंकणी ती या भूमिकेसाठी शिकली, हे पाहताना जाणवत नाही.

नेपथ्याचे पारितोषिक सार्थ आहे. परंतु आमच्या मते चित्रपटाचे खरे बळ सजावटीत नाही, ऋण मान्य करण्यात आहे. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. प्रार्थनासंगीतासाठी शिकविलेली ही विद्या पुढे पोटासाठी मुंबईला गेली. संगीतकार चाल गुणगुणे, आणि ती कागदावर उतरवून वाद्यांत वाटून देण्याचे काम हे लोक करीत. शंकर-जयकिशन यांच्यामागे सेबॅस्टियन डिसोझा होते. सी. रामचंद्र यांच्या पाठीशी आल्दोन्याचे चिक चॉकलेट होते. ‘अलबेला’च्या (1951) तालावर आपल्या वाडवडिलांनीही पाय हलविले असतील. ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव 1977 पासून पोराटोरांच्या तोंडी आहे. ते माजोर्ड्याच्या एका खऱ्या व्हायोलिनगुरूचे नाव आहे. प्यारेलाल त्यांचे शिष्य. 2012 मध्ये ते वारले, तोवर बहुसंख्य लोक त्यांना कल्पित पात्रच समजत राहिले! बॅरेटो यांचा चित्रपट अशा पडद्याआडच्या वादकांना वाहिलेली आदरांजली आहे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. तेथे पेटी-तबल्याची साथ प्रेक्षकांदेखत, जिवंत होते. वादकाला समोर पाहण्याची सवय असलेल्या आमच्या प्रेक्षकाला ही आदरांजली समजावून सांगावी लागत नाही.

मात्र याच प्रेक्षकाला दुसरी एक गोष्ट खुपते. कथेतला वाद्यवृंदप्रमुख लॉरी विवाहित आहे आणि तरुण गायिका डॉना त्याच्यात गुंतते. पुढे तिचे गाणे थांबते, ती एकांतात आणि मद्यात बुडते. हे दिग्दर्शकाने झाकलेले नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. पण पूर्वार्धातील पेल्यांची किणकिण, धुराची वलये, दिव्यांचा सोनेरी प्रकाश इतका मोहक आहे की उत्तरार्धातील पडझड त्याच सोनेरी प्रकाशात न्हाऊन निघते. दुःखही देखणे दिसते. लॉरीच्या घरी त्याची वाट पाहणारे जे कोणी आहेत त्यांच्यावर हा प्रकाश फार कमी पडतो.

येथे, या जिल्ह्यांत, असे पाहणे अवघड आहे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती यावी म्हणून 2010 च्या डिसेंबरात बायाबापड्या चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या. ज्या मार्चमध्ये या चित्रपटाचे पुरस्कार जाहीर झाले, त्याच्या पुढच्याच महिन्यात चंद्रपुरात बंदी लागू झाली. 2021 मध्ये ती उठली. बंदीने काय साधले यावर मतभेद आहेत, आम्हांलाही शंका आहेत. परंतु त्या चालत गेलेल्या बायांना पेला पाहून ‘तो काळ’ आठवणार नाही, नवरा आठवेल. लॉर्ना यांच्या ज्या गाण्यावर आपल्या लग्नसमारंभांत आबालवृद्ध हमखास नाचतात त्याचे नाव ‘बेबदो’ आहे. बेबदो म्हणजे दारुडा. पुढच्या वेळी वाद्यवृंदाला फर्माईश करताना वाचकांनी एवढे ध्यानी घ्यावे. नाचू नये असे आमचे म्हणणे नाही.

चित्रपटातील पात्रांची नावे वेगळी असली तरी गाणी ज्यांची आहेत ती माणसे खरी आहेत. ख्रिस पेरी 2002 मध्ये निवर्तले. दीर्घ मौनानंतर लॉर्ना 1995 मध्ये पुन्हा श्रोत्यांसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. गेलेल्या वर्षांसह, पिकलेल्या गळ्याने एक बाई पुन्हा गाते, या एका घटनेत दुसरा पूर्ण चित्रपट दडलेला आहे. त्याला जुन्या खुर्च्यांची किंवा टोप्यांची फारशी गरज पडणार नाही. तो अजून कोणी काढलेला आमच्या पाहण्यात नाही.