जात्यावरून संकेतस्थळावर : ओवी आणि गाणारीचे नाव

जात्यावरच्या ओवीला मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासात मान मोठा. गाणारीला मात्र फारसा नाही. साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’पासूनच्या छापील संग्रहांत ओव्या बहुधा नात्यांच्या वा विषयांच्या शीर्षकांखाली आल्या. त्या कोणी, कोणत्या गावी म्हटल्या हा प्रश्न गौण राहिला. अनामिकता हे लोकवाङ्मयाचे लक्षण मानण्याची सवय इतकी मुरली की अनामिक करणारा संपादक दिसेनासा झाला.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी कार्यकर्त्या स्त्रियांच्या साहाय्याने सिद्ध केलेला संग्रह या सवयीला छेद देतो. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गायिका, लाखावर ओव्या. आणि ओवीगणिक गाव व नाव. बर्नार बेल यांनी १९९०च्या दशकात त्यांपैकी काही हजारांचे ध्वनिमुद्रण केले. ‘पारी’ने २०१७पासून हा संग्रह संकेतस्थळावर सर्वांना खुला केला. माजलगावच्या दलित स्त्रियांनी गायिलेल्या डॉ. आंबेडकरांवरील ओव्या त्यामुळे त्यांच्या नावांनिशी ऐकता येतात. नात्यागोत्यांच्या शीर्षकांखाली त्या कुठे बसल्या असत्या, हे सांगणे कठीण आहे.

येथे पंडवानीची तुलना उद्बोधक ठरते. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंची कथा आख्यानपरंपरेची, तरी ती तीजनबाईंची म्हणूनच ओळखली जाते; कारण रंगमंच आणि हुंकार देणारा रागी आधीच समोर असतात. जात्याला मंच नाही. समोर खुंटा धरून बसलेली दुसरी बाई, एवढाच श्रोता. तेव्हा गाणारीला नाव मिळते ते सादरीकरणातून नव्हे, नोंदीतून.

मात्र ही नोंद ओवीला सुटी करते. दळताना सीतेच्या वनवासामागोमाग स्वतःचा सासुरवास येऊ शकतो, आणि त्या शेजारातच अर्थ असतो. वर्गीकरणात सीता एका विभागात, सासर दुसऱ्या. लिखित रूपात दोन ओळी उरतात. पालुपदे, पुनरुक्ती, मध्येच घातलेली ‘बाई’ ध्वनिमुद्रणातच सापडतात, आणि बहुसंख्य ओव्यांना ध्वनिमुद्रण नाही. गायिकेच्या नावाच्या धाग्याने सुट्या ओव्या पुन्हा एकत्र आणता येतात, पण तो क्रम अभ्यासकाचा असतो, दळणाचा नव्हे. जात्यांची जागा गिरणीने घेतल्यावर पुष्कळ गायन दळणाशिवाय, आठवणीतूनच झाले, हेही विसरून चालणार नाही.

अवघड प्रश्न वेगळाच आहे. पहाटेच्या अंधारात सासूविषयी म्हटलेली ओवी आता नावगावासह कोणालाही, गाणाऱ्या स्त्रीच्या सासरच्यांनाही, उपलब्ध आहे. नाव देणे हा न्याय असला तरी ते मागे घेण्याचा अधिकारही त्यातच धरावा लागेल. ‘पारी’ची मंडळी काही गावांत पुन्हा जाऊन गायिकांना भेटली, ही गोष्ट वर्गीकरणाच्या कोणत्याही सूत्रापेक्षा मोलाची आहे; कारण हयात गायिकेला तिची ओवी ऐकवून विचारणे तेथेच शक्य होते.