कांद्याच्या टरफलातला पिवळा

कांदा म्हटलं की आपण झणक्याचं बोलतो, डोळ्यांतल्या पाण्याचं बोलतो. ती सगळी गंधकाची किमया. मला मात्र कांद्यात सर्वांत देखणं वाटतं ते क्वेर्सेटिन. त्याला झणका नाही, साध्या पाण्यात ते जेमतेम विरघळतं, चवीला कडूच. पण रंग पिवळाधमक, आणि तो रंग किती वळणं घेतो!

मूठभर वाळकी टरफलं पाण्यात उकळून पाहा. पाणी तांबूस होतं. तुरटीच्या पाण्यातून काढलेलं सुती कापड त्यात बुडवलं की त्यावर सोनेरी पिवळा चढतो. त्याच पाण्यात चिमूटभर हिराकस टाका. पिवळा मावळतो, गर्द शेवाळी छटा येते. टरफल तेच, पाणी तेच, बदलला तो फक्त धातू. क्वेर्सेटिनच्या रेणूत कार्बनचे 15 अणू तीन कड्यांत बसलेले असतात आणि कडेला पाच हायड्रॉक्सिल गट. चिमट्याने निखारा उचलावा तसा हा रेणू धातूचा अणू दोन ऑक्सिजनांमध्ये धरतो. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम धरलं तर रंग उजळतो, हिराकशीतलं लोह धरलं तर काळवंडतो.

त्याहून मला भावते ती त्याची साखरेशी असलेली जोडी. कांद्याच्या रसरशीत पाकळ्यांत क्वेर्सेटिन सुटं नसतं. त्याला ग्लुकोज चिकटलेलं असतं, म्हणून ते पेशीतल्या पाण्यात सुखाने राहतं. बाहेरची पाकळी वाळायला लागली की ग्लुकोज गळून पडतं. मोकळ्या क्वेर्सेटिनचं ऑक्सिडीकरण होतं आणि त्यातून प्रोटोकॅटेच्युइक आम्ल तयार होतं. विस्कॉन्सिनमध्ये जे. सी. वॉकर यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिलं, की रंगीत कांद्याला काळ्या डागांच्या बुरशीपासून वाचवणारं द्रव्य हेच. पांढऱ्या कांद्यात क्वेर्सेटिन जवळपास नसतंच. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची गोडी मलाही प्रिय आहे, पण या एका गुणात लाल कांदाच सरस. एवढा पातळ कागदी पापुद्रा, आणि मरता मरता तो आतल्या कांद्याची राखण करतो!

तेच ग्लुकोज आपल्या पोटातही कामाला येतं. नेदरलँड्समध्ये 1995 साली मोठं आतडं काढलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग झाला. कांद्यातलं क्वेर्सेटिन सुमारे 52 टक्के शोषलं गेलं, साखरेची वेगळी जोडी असलेलं रुटिन मात्र 17 टक्केच. चहात, सफरचंदाच्या सालीत, शेपूत, शेवग्याच्या पाल्यातही क्वेर्सेटिन आहे. केपरच्या कळ्या तर या यादीत अग्रणी. पण रोजच्या ताटात सहज येणारा आणि अंगी लागणारा कांदाच. शंभर ग्रॅम रंगीत कांद्यात ते साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम असतं. गोळ्या-कॅप्सूलवाले त्याच्या नावावर नाना आजार बरे करून दाखवतात. त्या दाव्यांना माणसांवरच्या प्रयोगांचा भक्कम आधार अजून नाही, आणि या रेणूचं मोठेपण सिद्ध व्हायला त्यांची गरजही नाही.

खाण्याजोग्या भागात ते सर्वांत जास्त असतं टरफलाला लागून असलेल्या पहिल्या पाकळीत, जी आपण घाईघाईत सालीबरोबर ओढून फेकतो. परतल्याने त्याचं फारसं नुकसान होत नाही, उकडल्यावर मात्र ते पाण्यात उतरतं. तेव्हा कांदा सोलताना फक्त वाळकं टरफल काढा, आणि उकडलात तर ते पाणी आमटीत घाला.