'क्रिस्तपुराणा'तील आद्यपाप आणि जन्माची शुद्धता

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'चा मराठीतील विचार प्रामुख्याने भाषेच्या अंगाने झाला आहे. १६१६ साली गोव्यातील राचोल येथे रोमन लिपीत छापलेला सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आणि मराठीचा गौरव करणारा त्यातील भाग आपल्या पाठ्यपुस्तकांतून परिचित आहे. एका इंग्रज जेझुइटाने ओवी कशी आत्मसात केली, याचे कौतुक योग्यच आहे. परंतु त्या कौतुकात ग्रंथाचा आशय बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात पहिल्या पुराणाच्या मुळाशी असलेल्या एका सिद्धांताचा, म्हणजे आद्यपापाचा, मराठी श्रोत्याच्या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

या विचाराला निमित्त वर्गात घडले. प्रस्तुत लेखक माहुलजवळच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आदामाच्या पतनाची कथा सांगून झाल्यावर माहुल गावठाणातील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, फळ खाल्लं एकानं, मग पाप सगळ्यांना कसं?" प्रश्न भोळा वाटतो, पण चौथ्या-पाचव्या शतकातील संत ऑगस्टीन आणि पेलाजियस यांचा वाद याच प्रश्नाभोवती झाला होता. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलाने एका माणसामुळे पाप आणि मरण जगात आल्याचे म्हटले आहे. तेथील मूळ ग्रीक वाक्याचा सरळ अर्थ 'कारण सर्वांनी पाप केले' असा होतो. ऑगस्टीनसमोरच्या लॅटिन भाषांतरातून मात्र 'ज्याच्या ठायी सर्वांनी पाप केले' असा अर्थ निघाला. एका शब्दयोजनेवर केवढी इमारत उभी राहू शकते, हे भाषेच्या अभ्यासकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे असे आहे. पुढे १५४६ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने हे पाप अनुकरणाने नव्हे, तर वंशपरंपरेने संक्रमित होते असे ठरवले. स्टीफन्स यांचा जन्म त्यानंतर तीनच वर्षांनी, १५४९ मधला. १५७९ साली गोव्यात उतरताना त्यांच्याजवळ होता तो ट्रेंटने बांधून दिलेला सिद्धांत.

तो मराठीत आणणे सोपे नव्हते. पातक हा शब्द मराठीत कर्त्याला चिकटलेला आहे. पंचमहापातके ही करण्याच्या गोष्टींची यादी आहे, असण्याच्या नव्हे. न केलेल्या गोष्टीसाठी हा शब्द वापरला की तो ताणला जातो. आज रूढ असलेल्या 'मूळ पाप' या पर्यायाची अडचण निराळी आहे. मूळ नक्षत्रावर जन्मलेले मूल घराच्या मुळावर येते, या लोकसमजुतीची सावली त्या शब्दावर पडते आणि नवजात बालक घराला घातक ठरते. सिद्धांताला हे अभिप्रेत नाही. म्हणून येथे 'आद्यपाप' हा शब्द योजला आहे, तोही निर्दोष आहे असा दावा नाही.

शब्दाहून मोठी अडचण विचाराची होती. साष्टीतील नवख्रिस्ती श्रोत्याजवळ दुःखाचे एक स्पष्टीकरण आधीपासूनच होते. संचित आणि प्रारब्ध या कल्पनांनुसार माणूस भोगतो ते स्वतःचेच कर्म, मग ते गेल्या जन्मीचे का असेना. आद्यपापाच्या सिद्धांतात जन्म एकच आहे. मात्र भोग दुसऱ्याच्या कृत्याचा आहे. पूर्वजांचा शाप किंवा पितृदोष या कल्पना त्याला वरकरणी जवळच्या वाटतात, परंतु त्या एका कुळापुरत्या असतात. शेजारच्या घराला तो दोष लागत नाही. येथे मात्र शेजारचे घर सुटत नाही. एकही घर सुटत नाही.

कथाकार म्हणून स्टीफन्स यांचे सामर्थ्य आणि मर्यादा येथेच दिसतात. पतन ही घटना आहे. ती ओवीत सांगता येते. सर्प, मोह, फळ आणि हद्दपारी हे पुराणकथेला मानवणारे साहित्य आहे. वैकुंठ, मोक्ष असे श्रोत्याच्या कानात बसलेले शब्द वापरून त्यांनी ही परकी कथा घरची केली. परंतु पापाचा वारसा ही घटना नाही. तो कोणत्याही एका दिवशी घडत नाही आणि म्हणून कथेत येत नाही. तेथे कथनकार मागे सरतो आणि धर्मशिक्षक बोलू लागतो. पुराणाचा साचा स्वीकारल्यामुळे ही फट अपरिहार्य होती. हा स्टीफन्स यांचा दोष मानण्याचे कारण नाही. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका या फटीतून आला होता.

तिला उत्तर देताना उपयोगी पडले ते माहुलच. १९५० च्या दशकात येथे तेलशुद्धीकरण कारखाने आले. पुढे शहरातील अन्य भागांतून विस्थापित झालेल्या कुटुंबांना येथील वसाहतीत आणून बसवले गेले आणि हवेच्या प्रदूषणाची तक्रार न्यायालयापर्यंत पोहोचली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने येथे राहू न इच्छिणाऱ्या विस्थापितांना अन्यत्र राहण्यासाठी भाडे देण्याचा आदेश दिला. त्या वसाहतीत जन्मलेल्या मुलाने हवा बिघडवलेली नाही. तरी पहिल्या श्वासापासून ती त्याची असते. परिणाम वारशाने येतो, हे माहुलच्या रहिवाशाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु त्याच मुलाला प्रदूषणाबद्दल अपराधी ठरवले, तर कोणीही हसेल. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा साधारणतः पहिल्या विधानाशी थांबते. मर्त्यता वारशाने येते, अपराध येत नाही, असे ती मानते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानेही आद्यपापाला केवळ सादृश्याने 'पाप' म्हटले असून ते केलेले कृत्य नव्हे तर लाभलेली अवस्था आहे, त्यात व्यक्तिगत अपराध नाही, असे स्पष्ट केले आहे. ऑगस्टीनच्या कठोर भूमिकेपासून हे बरेच दूर आहे. माझ्या मते सिद्धांत वाचवण्याचा हा प्रयत्न प्रामाणिक आहे. पण मग 'पाप' हा शब्द कशासाठी ठेवायचा, हा प्रश्न उरतो.

आता मुख्य मुद्दा. कर्मसिद्धांत माणसामाणसांतील भेदाचे कारण सांगतो. हा उच्च कुळात का आणि तो हीन मानलेल्या कुळात का जन्मला, याचे उत्तर त्याच्याजवळ तयार असते. आद्यपाप भेदाचे कारण सांगूच शकत नाही, कारण ते सर्वांना सारखे लागू आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी आणलेली सर्व मुले एकाच अवस्थेत असतात. कोणाचाही जन्म शुद्ध नाही असे म्हटले की शुद्ध जन्म आणि अशुद्ध जन्म ही विभागणी तत्त्वतः कोसळते. निराशावादी म्हणून हिणवला गेलेला हा सिद्धांत जातिव्यवस्थेच्या संदर्भात विलक्षण समतावादी ठरू शकत होता, आणि 'क्रिस्तपुराणा'च्या श्रोत्यांत तर ब्राह्मणही होता.

तसे घडले नाही. साष्टीच्या ख्रिस्ती समाजात ब्राह्मण, चार्दो, सुदीर हे भेद टिकले. चर्चशी संलग्न असलेल्या कॉन्फ्रारिया या मंडळांची सभासदत्वे व मान अनेक गावांत जातीनुसार आणि गावकरपणानुसार ठरत राहिले. देशी धर्मगुरूही दीर्घकाळ मुख्यत्वे ब्राह्मण कुळांतून घेतले गेले. आत्म्याचा वारसा बाप्तिस्म्याने धुतला जातो असे शिकवणाऱ्या संस्थेने कुळाचा वारसा मात्र धुतला नाही. याचे कारण 'क्रिस्तपुराणा'त शोधणे अन्यायाचे होईल. धर्मांतर गावेच्या गावे आणि कुळेच्या कुळे मिळून झाले, तेव्हा कुळ शाबूत राहणे स्वाभाविक होते. तरीही ज्या कवीने आदामाला साऱ्या मानवांचा बाप म्हणून उभे केले, त्याच्या ग्रंथात त्या एकाच बापाच्या लेकरांतील उच्चनीचतेचा प्रश्न मध्यवर्ती होत नाही, याची नोंद समीक्षेने घ्यावयास हवी. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त सोवळे गळून पडते ते घरच्या अनुभवातून आणि साध्या विचारातून. तेथे आद्यपापाची गरज पडत नाही. तीनशे वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या या दोन ख्रिस्ती मराठी ग्रंथांत माणसाच्या जन्माचा विचार किती निराळ्या वाटांनी होतो, हे एकत्र ठेवून वाचण्यासारखे आहे.

जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून रोमन लिपीत काढलेली आवृत्ती आणि लंडन येथील मार्सडन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित यांत शब्दकळेचा फरक आहे. हस्तलिखिताची भाषा अधिक संस्कृतप्रचुर आहे. पतनाच्या प्रसंगातील पातक, दोष, अपराध या अर्थाचे शब्द दोन्हीकडे ओवीवार ताडून पाहिले, तर वारशाचे पाप सांगताना मराठी कोठे अडखळली, हे अधिक नेमकेपणाने दाखवता येईल.