विद्वानांचा प्रवास आणि कार्बनचा हिशेब

अध्यापक व संशोधक यांच्या कामकाजविषयक प्रवासातून होणारे कार्बन-उत्सर्जन कसे घटवावे, या प्रश्नावर अलीकडे जे लेखन झाले त्यात दोन निबंध विशेष विचारार्ह आहेत. मिलान क्लोवर व त्यांचे सहकारी यांचा निबंध २०२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. सेथ वाइन्स व त्यांचे सहकारी यांचा त्याच्या आदल्या वर्षी ‘जर्नल ऑफ क्लीनर प्रॉडक्शन’मध्ये. एकाने प्रवासाचे अंतर मोजले, दुसऱ्याने त्याचे फळ. दोहोंचे एकत्र परीक्षण केल्यास या विषयातील खरी अडचण कोठे आहे हे ध्यानी येते.

क्लोवर यांनी अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या २०१९ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील अधिवेशनाचा हिशेब मांडला. सुमारे २८,००० प्रतिनिधींनी मिळून २८.५ कोटी किलोमीटर प्रवास केला आणि त्यातून सुमारे ८०,००० टन उत्सर्जन झाले; म्हणजे माणशी जवळजवळ ३ टन. भारतातील दरडोई वार्षिक कार्बन डायऑक्साइड-उत्सर्जन त्या सुमारास २ टनांच्या आसपास होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते. अधिवेशन शिकागोस भरविले असते तर उत्सर्जन १२ टक्क्यांनी घटले असते. अतिदूरच्या प्रतिनिधींनी ऑनलाइन सहभाग घेतल्यास घट पुष्कळच मोठी, असे ते दाखवितात.

हे गणित निर्दोष आहे. परंतु गणिताचा न्याय आणि विद्वत्सभेचा न्याय एकच असतो असे नव्हे. ‘अतिदूरचा’ प्रतिनिधी म्हणजे बहुधा आशिया वा आफ्रिका खंडातला. डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे १०.३० झालेले असतात. कॅलिफोर्नियातील विद्वानाने सभागृहात बसावे आणि नांदेडच्या संशोधकाने मध्यरात्रीपर्यंत पडद्यासमोर जागावे, अशी वाटणी या उपायातून सहज उद्भवते. निरनिराळ्या खंडांत एकाच वेळी केंद्रे उघडण्याची लेखकांची सूचना या दोषाचे काही अंशी निवारण करते, आणि म्हणून तीच अधिक ग्राह्य वाटते.

वाइन्स यांचा निबंध अधिक मूलगामी आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांचा विमानप्रवास आणि त्यांची संशोधननिष्पत्ती यांत त्यांना संबंध आढळला नाही. वेतनाशी मात्र संबंध आढळला, आणि ज्येष्ठतेचा विचार करूनही तो टिकला. पर्यावरणविषयक संशोधन करणाऱ्यांचे उत्सर्जनही इतरांहून लक्षणीयरीत्या वेगळे नव्हते. एका संपन्न देशातील एका विद्यापीठाचा हा निष्कर्ष सार्वत्रिक मानता येणार नाही. शिवाय ज्याला ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि सहकारी घराशीच लाभले आहेत त्याला प्रवास निष्फळ वाटला, म्हणून ज्याला ते लाभले नाहीत त्यालाही तो निष्फळच, असे अनुमान काढणे अयुक्त होय. तथापि प्रवास हे ज्ञानापेक्षा प्रतिष्ठेचे साधन अधिक असू शकते, हे सूचन त्यातून मिळते, आणि आपल्या दृष्टीने ते मोलाचे आहे.

कारण आपल्याकडे हे सूचन नियमाच्या रूपाने लिहून ठेवलेले दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत, परिषदेतील निमंत्रित व्याख्यानास वा निबंधवाचनास परदेशातील आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी ७ गुण, देशातच भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी ५, राष्ट्रीय परिषदेसाठी ३ आणि राज्य वा विद्यापीठ पातळीवर २ गुण ठेवले होते. निबंध तोच, श्रोतेही कदाचित तेच. तरी सीमा ओलांडल्याबद्दल २ गुण अधिक. गुणवत्तेच्या मापात अंतराची अशी भेसळ झाल्यावर अध्यापकाला संयमाचा उपदेश करणे व्यर्थ आहे. विमानातील आसनाचा वर्ग हुद्द्यावरून ठरविण्याची पद्धतही याच जातीची. दूरच्या प्रवासात बिझनेस वर्गातील आसन अधिक जागा व्यापते, म्हणून त्याच्या वाट्याचे उत्सर्जन इकॉनॉमी वर्गाच्या जवळजवळ तिप्पट धरले जाते.

बेल्जियममधील गेंट विद्यापीठाने सुमारे ६ तासांच्या आत आगगाडीने वा बसने गाठता येणाऱ्या शहरांची यादी करून तेथे विमानाने जाऊ नये असे ठरविले. ही मर्यादा जशीच्या तशी आपल्याकडे चालणार नाही. मुंबई-दिल्ली हे लोहमार्गाचे अंतर सुमारे १,३८४ किलोमीटर. तेथे तासांपेक्षा ‘एका रात्रीचा प्रवास’ हेच माप स्वाभाविक ठरेल. असा नियम करणे उपयुक्त आहे, परंतु तो दुय्यम होय. प्रथम गुणांकनातून अंतर वगळले पाहिजे आणि निबंधाचे मूल्य निबंधावरून ठरले पाहिजे. तसे झाल्यास अनावश्यक प्रवास पुष्कळसा आपोआप गळेल. आणि वाचलेला निधी, ज्याने अद्याप एकही दूरची परिषद पाहिलेली नाही अशा तरुण संशोधकाच्या प्रवासासाठी राखून ठेवता येईल. क्लोवर व वाइन्स यांच्या निबंधांपासून आपल्या विद्यापीठांनी घ्यावयाचा बोध, आमच्या मते, हाच आहे.